नाव कोरलेल्या डब्यातलं मीठ

कबनूर,
२ डिसेंबर २०२४

महानंदाताईंना मल्लव्वाचं शरणु शरणार्थी.

पत्र बघून तुमी म्हणशीला, आता ह्या बाईचं काय राह्यलंय? भांडण काढत न्हाय. पयलंच सांगते, म्हंजे चष्मा सावरून निवांत वाचशीला.

दिवाळी झाल्यावर तुमी तुमच्या वीरेशला घिऊन आमच्या पवित्राला बघायला आलासा. जाताना मी तुमच्या हातात कारळ्याच्या चटणीचा डबा दिला. घाईत हाताला लागला त्यो दिला, आन त्यो नेमका पवित्राच्या लग्नासाठी घेतलेल्या भांड्यातला निघाला, तिचं नाव कोरलेला. तुमी त्यो परत धाडला. आत मीठ. चिठ्ठी न्हाय, फोन न्हाय, नुसतं मीठ. तुमचं उत्तर आमाला कळलं. राग न्हाय. ज्याची त्याची पसंती, आन आमची पोरगी काय वाटंवर पडलेली न्हाय. डबा मी पवित्राला दावला न्हाय, फडताळात पार मागं सारला. त्यो इषय माझ्याकडनं संपला.

आता खरं कारण सांगते. आमच्या शेजारी लालबी ऱ्हाती. तिचं घर कुठं संपतंय आन आमचं कुठं सुरू हुतंय, ते तिला बी म्हाईत न्हाय. परवा ती परसातलं कच्चं पेरू घिऊन आली आन मीठ हुडकत थेट फडताळात हात घातला. मी "अगं ते नको" म्हणंपतुर तिनं तुमचाच डबा उघडून पेरू बुडवला की. पयल्या घासाला काय न्हाय. दुसऱ्या घासाला ती गप्प झाली. लालबी गप्प झाली म्हंजे गावात काय तरी मोठं घडलंय असं समजायचं. मग डोळं मोठं करून म्हणाली, "अगे मल्लव्वा, मेरी जीभ किधर गई?"

मी डबा वढून घेतला. म्हटलं, ह्या लोकांनी मीठ तर धाडलं धाडलं, वर आन काय घातलं ह्यात! पण लालबी मरायचं सोडून दुसरा पेरू चिरायला लागली. मग मी बी बोट लावलं. आधी लिंबाच्या सालीगत वास. मग तिखट, पण मिरचीचं न्हाय आन मिऱ्याचं बी न्हाय. आन मग जिभंवर मुंग्या! दात काढताना डॉक्टर सुई मारतोय, तसं झालं की वो. उतरलं तसं पुन्ना खावं वाटलं. पुन्ना खाल्लं.

ताई, काय हाय ते? माझा सभाव वाईट हाय. चव कळली आन नाव न्हाय कळलं, तर माझं भाकरीवर लक्ष लागत न्हाय. मालकांना इचारलं तर म्हणत्यात, झाली गेली गोष्ट, आता त्या घराचं नाव काढू नगंस. सोयरीक घिऊन आलेल्या आण्णांना इचारावं, तर तेंना जेवणातलं फकस्त जेवायचं कळतंय. म्हणून फोन करत न्हाय, पत्र लिवते. लालबीचा थोरला शहजाद कापडाचा टेम्पो रत्नागिरीला घालतोय, वाटंत तुमचं मलकापूर. त्यो दिऊन जाईल.

नुसतं पत्र धाडायची आमच्यात रीत न्हाय. संगं चिगळी धाडलीया. सकाळीच केलीया, ताजी हाय.

मल्लव्वा


मलकापूर,
६ डिसेंबर

सौ. मल्लव्वाताई यांना महानंदाचा नमस्कार.

शहजादने पत्र आणि डबा दुकानात आणून दिला. पत्र मी आधी वाचलं आणि डबा नंतर उघडला, इथेच फसले. "चिगळी धाडलीया" वाचून म्हटलं, ह्या थंडीत कबनूरला चिगळ उगवली तरी कुठे? आमच्याकडे चिगळ म्हणजे रानात जमिनीला चिकटून पसरते ती आंबूस पालेभाजी. आमच्या ह्यांना ती फार आवडते. मी मूगडाळ भिजत घातली, लसूण ठेचला, कढईत फोडणी टाकली आणि मग ऐटीत डबा उघडला. आत काय, तर काड्यांवर बसवलेले तांबूस गोळे!

फोडणी जळून कोळसा झाली. हे दुकानातून ओरडतायत, काय पेटलं म्हणून. मी कढई तशीच ठेवून एक काडी तोंडात घातली आणि काय सांगू, दहावीच्या वर्गात बाकाखाली लपवून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं. चिंच आहे, गूळ आहे, जिरं आहे, लाल मिरची आहे. पण आणखी एक काहीतरी आहे, चिंचेसारखंच आंबट तरी चिंच नव्हे. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक काडी दिली आणि विचारलं. एक जण म्हणाला आमचूर, एक म्हणाला कोकम. मला दोन्ही पटत नाहीत. तुम्हीच सांगा.

तुमच्या त्या विषयाबद्दल एकदाच लिहिते. मीठ पाठवून आम्ही आमचं मन सांगितलं होतं. तुम्ही ते फडताळात मागे सारलंत, मुलीला दाखवलंसुद्धा नाही. आम्हाला काय समजायचं ते समजलं. राग आमचाही नाही. वाईट वाटलं, ते मात्र खोटं कशाला बोलू? वीरेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंपनीत कामाला आहे, खोली करून तिकडेच राहतो, सुट्टीला येतो. त्याला मी अजून काही बोलले नाही. असो.

मिठात काय आहे ते मात्र फुकट सांगणार नाही. ओळखा. आंबा घाटाच्या बाजूच्या रानात काटेरी झाडाला घोसाने लागतं. त्याची साल ठेवायची आणि आतलं काळं बी फेकून द्यायचं. बी ठेवलं तर सगळं कडू.

तुमचा डबा रिकामा कसा पाठवू? त्यात लोणचं भरलंय. त्यातलंही ओळखा. बघू, कबनूरची जीभ किती चालते.

महानंदा


कबनूर,
११ डिसेंबर

महानंदाताईंना शरणार्थी.

आगं बाई, चिगळीची भाजी करायला निघाली व्हय! मी पत्र वाचून भिताडाला टेकून हसले. लालबीला सांगिटलं तर तिनं दोनदा सांगाय लावलं, आन दोन्ही येळंला फोडणी जळाली तितं टाळी वाजवली. आमच्याकडं ह्या काडीवरच्या गोळ्यालाच चिगळी म्हणत्यात. कानडी मुलखातनं आमच्यापतुर आलीया. पोरी शाळंला जाताना हातात एक आन दप्तरात एक.

त्यातलं आंबट काय ते सांगते, मी तुमच्यागत कोडी घालणारी न्हाय. उन्हाळ्यात चिंचंला कोवळा लालसर पाला येतोय. त्यो मी ओढ्याकडंच्या झाडाचा वरबडून आणते, सावलीत वाळवते, चुरून बरणीत ठेवते. वरणात घाला, चटणीत घाला, कशात बी घाला. चिंचंचं बाळ हाय ते, आईपरास गोड.

आता तुमचं लोणचं. ताई, डिसेंबरात कैरी कुठली? झाकण काढलं आन सगळ्या घरात कैरीचा वास! मालक आंघोळीतनं वल्ल्या अंगानं बघायला आलं. फोड बघावी तर आल्यागत, चिरली तर पिवळी, चावली तर आल्यागत झोंबत न्हाय, नुसती कैरी. लालबी म्हणती, मलकापूरला आंबं जिमिनीखाली येत असतील. मी म्हटलं, असंल बाई, घाटाकडंचं काय सांगाया येतंय! त्या मिठातल्या काटेरी झाडाचं बी डोस्कं चालंना. बाभळ न्हाय, बोर न्हाय, शिकेकाई न्हाय. हारले. सांगा आता.

आन एक सांगते. लपवून ठेवण्यात काय राम न्हाय. जतचं पावणं २९ तारखंला पवित्राला बघायला येणार हायत. पौष लागायच्या आत सुपारी फोडायची तेंची घाई. घर बरं हाय, पोरगा बी बरा हाय म्हणत्यात. पवित्रा व्हय म्हणंना, न्हाय म्हणंना. इचलकरंजीत औषधाच्या दुकानात कामाला जाती, सांजचं येती, चपला काढता काढता इचारती, "आई, कुठनं काय आलं का गं?" मी म्हणते, न्हाय. मग गप जेवती. काय यायचंय तिला, कळंना. आधी अशी न्हवती वो पोरगी, घरभर बडबड असायची. मला काळजी लागलीया. पोरीच्या मनात न्हाय आन आपुन ढकलायचं, हे मला जमणार न्हाय, पर तिच्या मनात काय हाय ते तरी तिनं बोलावं का न्हाय?

जाऊ द्या. डब्यात अगशीची चटणी हाय. अगशी म्हंजे जवस वो, फोडणी टाकू नगासा.

मल्लव्वा


मलकापूर,
१६ डिसेंबर

मल्लव्वाताईंना नमस्कार.

ह्या वेळी आधी डबा उघडला, चटणी चाखली आणि मग पत्र वाचलं. शहाणी झाले. जवसाची चटणी आम्हीही करतो, पण तुम्ही जवस इतका खरपूस भाजता की करपला करपला म्हणेपर्यंत चव लागते. ते धाडस आमच्यात नाही.

हरलात ना? ऐका मग. लोणच्यातली ती आंबेहळद. आल्या-हळदीच्याच घरातली, जमिनीतच येते, म्हणजे लालबींचं अगदीच चुकलं नाही. ह्याच दिवसांत काढतात. आमच्या परसात आहे आणि रानातही सापडते. आणि मिठातलं ते तिरफळ. कोकणात माशाच्या कालवणात आणि तुरीच्या आमटीत घालतात. आमच्या घाटमाथ्यावरही झाडं आहेत. गणपती-दिवाळीच्या सुमारास घोस काढायचे, वाळवायचे, फळ आपोआप उकलतं, बी झटकायचं, साल खडेमिठाबरोबर मंद भाजून कुटायची. डब्यात थोडी तिरफळं घातली आहेत. ती कुटून बघा, पण एकदम मूठभर टाकू नका, नाहीतर मालकांची जीभ जाईल आणि माझं नाव होईल.

जतच्या पाहुण्यांचं वाचलं. पवित्राचं चांगलं होवो. मनापासून म्हणते. मुलगी मला फार आवडली होती. आम्ही आलो तेव्हा तिने पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "मिरची जास्त झालीया का?" बाकीच्या मुली मान खाली घालून बसतात. मी त्याच क्षणी ह्यांना कोपर मारलं होतं.

आता एक विचारते, रागावू नका. तुमच्या एका शब्दाने माझी फोडणी जळाली. चिगळ म्हणून तुम्ही एक पाठवलंत आणि मी दुसरंच समजले. त्या दिवसापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. आमच्या घरात मीठ पाठवायला एक अर्थ आहे. तुमच्या घरात कोणी मीठ पाठवलं तर काय समजतात?

महानंदा


कबनूर,
२० डिसेंबर

महानंदाताई,

काय समजत्यात म्हंजे? हे इचारायचं असतंय व्हय? शेंबड्या पोराला इचारलं तरी सांगंल. दुधात मिठाचा खडा! सोयरिकीची बोलणी दुधागत चालल्याली, घरात सगळी खूश, मी तर मनातल्या मनात मांडव घालून मोकळी झालती. आन तुमचा डबा आला. माझ्या पोरीचं नाव कोरल्याला डबा, परत. म्हंजे पोरगी परत. आन आत खडा न्हाय, डबा भरून मीठ! आमच्यात मीठ कुणाच्या हातावर सुदिक देत न्हाईत, भांडण हुतंय म्हणून. तुमी डबाभर दिलंसा.

मी त्या दिशी रडले ताई. कुणाला दावलं न्हाय, चुलीपुढं बसून रडले. नकार द्यायचा तर सरळ द्यावा, आमी काय खायला उठलो असतो काय? आण्णांकरवी सांगायचं. असलं टोचून कशाला?

मग तुमच्या चिठ्ठ्या याय लागल्या, आन वाटलं ह्या बाईच्या मनात काय वाईट दिसत न्हाय, असंल काय तरी. त्यो इषय मागं टाकला हुता मी. तुमी पुन्ना उकरून काढलासा, बरं न्हाय केलं.

आंबेहळद म्हणं! ती मालकांच्या गुडघ्याला मी लेप लावती वो, मुका मार लागला की. पायाला लावायचं तुमी पोळीसंगं खातासा. मालकांना सांगिटलं तर म्हणालं, तरीच गुडघा बरा वाटतोय. लोणचं संपलं. ते खरं बोलले पायजे.

२९ ला पावणं येणार, मला घर आवरायचंय, फराळाचं करायचंय. आता पत्र लिवायला सवड गावणार न्हाय. संगं काय धाडलं न्हाय.

मल्लव्वा


मलकापूर,
२३ डिसेंबर

मल्लव्वाताई, आधी खाली बसा. लालबी असतील तर त्यांना धरून बसा. मग वाचा.

आम्ही नकार दिला नव्हता हो! ते मीठ म्हणजे आमचा होकार होता!

पत्र वाचलं आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी कपाळावर हात मारला. लगेच फोन लावला. माझ्याकडे नंबर तुमच्या मालकांचाच, चन्नाप्पांचा आहे, स्थळाच्या कागदावरचा. त्यांनी उचलला, नाव ऐकलं, "आता कशाला?" म्हणाले आणि ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीला कोणी असं मीठ पाठवलं असतं, तर मी फोनवर बरंच काही बोलले असते. आण्णांना फोन केला तर ते मुलाबरोबर काशीला गेलेत. मागे त्यांना दोनदा विचारलं होतं, तेव्हा "थांबा, ते कळवतील" म्हणाले. तुम्हालाही हेच म्हणाले असणार. दोन्हीकडच्यांना थांबायला सांगून स्वतः गंगेत डुबकी मारतायत!

आता आमचं मीठ सांगते. आमचं किराणा दुकान, तीन पिढ्यांचं. लक्ष्मीपूजनाला आपण मीठ विकत आणतो की नाही? आमच्या घरात मीठ म्हणजेच लक्ष्मी. नवी जागा घेतली तर आधी मीठ आत जातं, मग माणसं. सोयरीक पटली की सासरे मीठ पाठवायचे. अर्थ एवढाच की तुमच्या घरचं खाल्लं, आता खाल्ल्या मिठाला जागू. माझ्या लग्नातही माझ्या माहेरी मीठच आलं होतं. माझी आई काही रडली नव्हती बाई! पण माझं माहेर पलीकडच्याच गल्लीत, तिथे सगळ्यांना ही रीत ठाऊक. कबनूरला ती ठाऊक नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि नाव कोरलेला डबा तुम्ही हातात दिलात, तेव्हा मी गाडीत बसता बसताच म्हटलं होतं, दिली हो ह्यांनी मुलगी. तुमच्या घाईचा मी शुभशकुन केला.

आता पुढचं ऐका, हे मलाही कालच कळलं. वीरेश रविवारी आला. आल्या आल्या विचारतो, "आई, कबनूरहून काही निरोप?" मी तुमचं सगळं सांगितलं. पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, "म्हणजे तिला मीठ मिळालंच नाही?" मी म्हटलं, तिला म्हणजे? तेव्हा कुठे तोंड उघडलं. त्या दिवशी दोघांना बोलायला तुम्ही गच्चीवर पाठवलं होतंत ना? तिथे पवित्रा त्याला म्हणाली की बघायला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर गोड खाऊन खाऊन तोंडाला मिठी बसलीय, मला कच्चा पेरू आणि मीठ दिलं तर मी कुठेही सुखात राहीन. हा म्हणाला, आमच्याकडे एक मीठ करतात, जिभेला मुंग्या येतात. ती म्हणाली, खोटं. हा म्हणाला, पाठवतो. ती म्हणाली, पाठवा, मग बघू.

मी पेढे पाठवणार होते. हाच म्हणाला, रीत मिठाची आहे ना, मग मीठच दे, पण तिरफळाचं. स्वतः घाटात जाऊन घोस काढले. हात काट्यांनी ओरबाडून आला, मी विचारलं तर म्हणे कंपनीत लागलं. वाळवलं त्यानेच आणि कुटलंही त्यानेच. मी फक्त डब्यात भरलं. चिठ्ठी घालू का, असं मी विचारलं होतं. म्हणाला, नको, तिला कळेल.

तिला कळलं असतं हो. पण ते फडताळात होतं.

पवित्रा रोज विचारते ना, कुठून काही आलं का? तुम्हीच लिहिलंत. मी ते वाचलं आणि पुढे जवसाच्या चटणीचं वाचायला गेले. आपण दोघी चवी ओळखत बसलो आणि घरातलं माणूस ओळखलं नाही.

वीरेश म्हणतो, मी स्वतः जातो. मी थांबवलंय. बोलावल्याशिवाय मुलाने असं दारात उभं राहू नये, तुमच्या दारी दुसरे पाहुणे येणार असताना तर नाहीच. पण मी हात जोडून सांगते, २९ तारखेच्या आधी तो डबा एकदा तिच्यापुढे ठेवा. मग ती जे म्हणेल ते. नाही म्हणाली तरी तुमची-माझी पत्रं थांबायची नाहीत, चिंचेच्या पाल्यासाठी मी उन्हाळ्यात येणारच आहे.

शहजादला सांगितलंय, बाबा रे, कापड भिजलं तरी चालेल, हे पत्र पोचलं पाहिजे.

महानंदा


कबनूर,
२७ डिसेंबर

बीगती,

आमच्या बोलीत विहिणीला बीगती म्हणत्यात. शब्दाचा अर्थ आधीच सांगून ठेवते, उगं पुन्ना फोडणी जळाया नको.

शहजाद दारातनंच ओरडत आला, "मल्लव्वाखाला, पैले ये पढो!" मी उभ्यानंच वाचाय लागले आन मधीच खाली बसले. लालबीनं पत्र हातातनं घेतलं. तिला मराठी अडखळत वाचता येतंय. ती एकेक शबूद मोठ्यानं वाचती, आन मी आपली रडती बी आन हसती बी. "ते फडताळात होतं" हे वाचलं तवा लालबीनं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं, की मी पदर तोंडावर घेतला. म्हणाली, "महिना हो गया गे. तेरी छोरी रोज पूछती थी."

मालकांना सांगिटलं. पयल्यांदा उसळलं, "मिठाचा होकार असतोय व्हय कुठं?" मग म्हणालं, "त्या बाईचा फोन मी आपटला की गं." आता दोन दिस झालं, तुमचा नंबर काढत्यात आन ठेवत्यात. करतील. लाजत्यात, तुमी हसू नगासा.

सांजचं पवित्रा आली. चपला काढल्या. इचारलं, "आई, कुठनं काय आलं का गं?" मी आत बोट दावलं. सैपाकघरात पाटावर पेरूच्या फोडी, आन शेजारी त्यो डबा. तिनं डब्याकडं बघितलं, आपलं नाव बघितलं, माझ्याकडं बघितलं. झाकण काढलं. मी म्हटलं, खा.

पेरू मिठात बुडवून तोंडात घातला. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी. लालबी भिताडामागनं बघत उभी, तिला वाटतंय आमाला दिसत न्हाय. पोरगी चावती, चावती, आन थांबली. जिभंला मुंग्या आल्या असणार. डोळ्यात पाणी आलं, मग हसाया लागली, आन म्हणाली, "म्हंजे पाठवलं हुतं त्यांनी."

एवढंच म्हणाली. माझ्यावर आरडली असती तर बरं झालं असतं.

मग जेवताना मालकांना म्हणाली, "आप्पा, जतच्या पावण्यांना येऊ नका म्हणून सांगा. उगं तेंचा रस्त्याचा तरास नको." मालक म्हणालं, "आन कारण काय सांगू?" ही म्हणाली, "मीठ लागलं म्हणून सांगा." मालकांना ठसका बसला. पर फोन केला, तिच्या पुढ्यातच केला. आण्णांना बी केला, काशीला. ते म्हणालं, "मी सांगतच हुतो थांबा म्हणून!" आता काय बोलायचं ह्या माणसाला?

पौष सरला की तुमी सगळी या. वीरेशला आणा. तेच्या हातावरचं ओरखडं भरलं का बगा, न्हाय तर आंबेहळदीचा लेप लावा, खाऊन संपवू नगासा. तवर तेनं हवं तवा फोन करावा, पवित्राला, मला न्हाय.

चिंचंच्या पाल्याची बरणी शहजादकडं दिलीया, ती तुमाला ठेवायची. आता डब्याचं. मी म्हटलं, पवित्राचा त्यो डबा बी धुऊन पुसून तुमाला धाडावा, त्यात काय तरी गोड भरावं. धुवायला घेतला तर पोरीनं हातातनं वढून घेतला. म्हणाली, "ह्यो टेम्पोतनं जाणार न्हाय. माझं नाव हाय त्याच्यावर. मीच घिऊन जाईन."

मीठ अजून अर्धा डबा हाय. माहेरी येताना भरूनच आणीन म्हणती.

तुमची मल्लव्वा